समुद्र नसलेल्या मुलखातून बंदराकडे

शुक्रवार, वरूड

वरूडच्या मंडीत आंबिया बहाराचा शेवटचा माल उतरत होता. लहान-मोठ्या फळांच्या वेगळ्या राशी, तणस अंथरलेले ट्रक, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: बांगलादेश. 2019 साली तिकडे किलोमागे 20 टका आयातशुल्क होतं, 2023 पर्यंत ते 88 टका झालं. नागपुरी संत्र्याचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक असं हातचं गेलं.

न्हावाशेव्याच्या बंदरात एका कस्टम हाऊस एजंटाकडे मी बरीच वर्षं शिपिंग बिलं, म्हणजे निर्यातीचे कस्टमचे कागद, भरली. बंदर 'हरित' होणार, क्रेन आपोआप चालणार, डिझेल जाऊन वीज येणार, हे हल्ली रोज कानावर पडतं. धक्क्यावर उभं राहून ते पुष्कळ पाहिलं. पण बंदरात येणारा माल आणि मुंबईकडे जाणारी वीज, दोन्हींचा एक मोठा हिस्सा आमच्या विदर्भातून निघतो. म्हणून या वेळी उलट्या टोकानं निघालो.

एका व्यापाऱ्याला विचारलं, आखातात का नाही पाठवत? तो हसला. "पाठवाचं म्हटलं तर रिफर लागते, भाऊ. त्याचं भाडंच फळाले खाऊन टाकते."

रिफर म्हणजे थंड कंटेनर. संत्र्याला आत सहा-सात अंश लागतात, आणि ते वरूडपासून दुबईपर्यंत एक तासही चुकून चालत नाही. ट्रकवर असताना त्याला डिझेलचा जेनसेट जोडलेला असतो, यार्डात प्लग, आणि जहाजावर चढला की जहाजाची वीज. आता गंमत इथं आहे. जहाज धक्क्याला लागलं, मुख्य इंजिन बंद झालं, तरी शेकडो रिफर थंड ठेवायला, दिवे-पंप चालवायला त्याची सहायक इंजिनं धडधडतच राहतात. म्हणजे बंदराच्या क्रेन कितीही विजेवर चालवा, शेजारी उभं जहाज धूर सोडतच असतं. यावर उपाय म्हणजे जहाजाला किनाऱ्यावरून वीज देणं. लॉस एंजेलिसच्या बंदरानं कंटेनर जहाजांसाठी हे 2004 साली सुरू केलं. जाड केबल, 6,600 व्होल्ट. आपल्याकडे अडचण आणखी एक: ग्रिड 50 हर्ट्झचा आणि बहुतेक मोठी जहाजं 60 हर्ट्झची, त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर बसवावा लागतो आणि खर्च चढतो. युरोपच्या मोठ्या बंदरांत 2030 पासून कंटेनर जहाजांना ही जोडणी घेणं सक्तीचं होणार आहे. तिकडे जाणाऱ्या जहाजांत प्लगची सोय करावीच लागेल, मग इकडच्या बंदरांनाही केबल टाकायचं निमित्त मिळेल.

व्यापाऱ्याला हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते ठीक आहे जी, पण माह्या संत्र्याचं काय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आष्टी-आर्वीच्या रस्त्यानं खाली उतरलो. दोन्हीकडे तुरी पिवळ्या झाल्या होत्या.

शनिवार, हिंगणघाट

इथं भाचा भेटला. न्हावाशेव्याच्या एका टर्मिनलवर तो आरटीजी चालवतो, सुट्टीवर घरी आला होता. आरटीजी म्हणजे यार्डातली रबरी चाकांची क्रेन. सहा रांगांवर पाय फाकून उभी राहते आणि डबे उचलून रचते. आयटीआय वर्ध्याला, नोकरी घाटाखाली, आणि लग्नासाठी पोरी बघणं इथं हिंगणघाटात चालू.

आम्ही एका ओळखीच्या जिनिंगवर गेलो. डिसेंबर म्हणजे भर हंगाम. दारापासून कापसाच्या गाड्यांची रांग, आत रेचे चालू, सरकी एका बाजूला, रुई दुसऱ्या बाजूला, हवेत पांढरी पीज. प्रेसमधून 170 किलोची गाठ पट्ट्या बांधून बाहेर पडते आणि तिच्यावर नंबर लागतो. निर्यातीची असेल तर डबा थेट जिनिंगवरच येतो, इथंच भरतो, इथंच इलेक्ट्रॉनिक सील लागतं. ते सील बंदराच्या दारावर आपोआप वाचलं जातं. मी नोकरीला लागलो तेव्हा याच कामाला कागदाचे गठ्ठे लागत.

मालक मात्र सील-बिल सोडून भलत्याच डब्यांबद्दल बोलत होते. केंद्रानं ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क माफ केलं, आणि माफी 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवली. "आमचे डबे जात नाईत, त्याईचे येऊन रायले. बंदर भारी चालते म्हणता, चालनच ना!" 2025-26 चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये, पण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा मोजून घेत होते आणि बाहेर भाव त्याच्या खाली. बंदराचं जे यश पेपरात छापतात (आपल्या जेएनपीएनं, म्हणजे न्हावाशेव्याच्या बंदरानं, 2024-25 मध्ये सुमारे 73 लाख टीईयू, म्हणजे 20 फुटी डब्याच्या मापानं तेवढे डबे, हाताळले) त्यात आलेला आणि गेलेला डबा सारखाच मोजतात. हिंगणघाटात तो सारखा नसतो.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर भाच्यानं त्याच्या कामाचं सांगितलं. केबिन जमिनीपासून पाच-सहा मजले वर, पायाखाली काच. आठ तास मान खाली घालून बघायचं. स्प्रेडरचे, म्हणजे डबा पकडणाऱ्या चौकटीचे, चार कोपरे डब्याच्या चार कोपऱ्यांत बरोबर बसले की ट्विस्टलॉक फिरतो, हिरवा दिवा लागतो, उचल. खाली आयटीव्ही, म्हणजे यार्डात डबे वाहणारी गाडी, उभी, तिच्यावर ठेव, पुढचा. "तिशीच्या पोट्ट्याईची मान गेली आहे, मामा. साठीचा ऑपरेटर म्या अजून पाहिला नाही."

त्याची क्रेन आधी डिझेलवर होती. पाठीमागं जनरेटर, दिवसभर आवाज, उन्हाळ्यात केबिनमध्ये त्याची धग. मग यार्डाच्या कडेनं बसबार, म्हणजे वीज वाहणारी पट्टी, टाकला, क्रेनला त्यावर सरकणारा हात लावला आणि ती विजेवर आली. डबा खाली उतरताना मोटरच जनरेटर होते आणि थोडी वीज परत देते, हे त्यानं विशेष कौतुकानं सांगितलं. फक्त एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जायचं म्हटलं की बसबार सोडावा लागतो, तेवढ्यापुरतं छोटं डिझेल इंजिन किंवा बॅटरी.

"आता म्हणतात की क्रेन तीच राहीन, पण केबिनच काढून टाकतीन."

ते खरं आहे, आणि नवं नाही. रॉटरडॅमच्या डेल्टा टर्मिनलवर 1993 सालीच बिनड्रायव्हरच्या गाड्या आल्या. जमिनीत पुरलेल्या खुणा वाचत त्या धक्का ते यार्ड फिरत. हॅम्बुर्गचं आल्टनवेर्डर 2002 चं. चिंगदाव आणि शांघायचं यांगशान 2017 मध्ये. तियानजिनच्या एका टर्मिनलनं 2021 मध्ये स्वतःच्या पवनचक्क्या आणि सौर पॅनलवर चालायला सुरुवात केली. आपल्याकडे केरळातलं विळिंजम मे 2025 मध्ये देशाला अर्पण झालं. तिथं यार्डातल्या क्रेन स्वयंचलित आहेत, धक्क्यावरच्या क्रेन लांबून चालवता येतात, आणि कन्सोलवर बायाही बसतात. त्यातल्या काही जवळच्या मच्छीमार घरांतल्या. हे शेवटचं ऐकून भाच्याची आई, म्हणजे माझी ताई, पहिल्यांदा या गप्पांत शिरली: "एसीत बसून? मंग लेकीईले काऊन नाई जमनार?"

मला विचाराल तर स्वयंचलनाचं कौतुक होतं तेवढा त्याचा वेग नाही. आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचानं 2021 च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की स्वयंचलित बंदरं साध्या बंदरांपेक्षा सरसकट जास्त उत्पादक नाहीत. कसलेला ऑपरेटर वाऱ्यात झुलणारा डबा नजरेनं थांबवतो, यंत्र अजून अडखळतं. यंत्राचा फायदा वेगळा: ते रात्री तीन वाजता सकाळी दहाइतकंच काम करतं, आणि रोज तेवढंच. जहाज कंपनीला वेगापेक्षा हा भरवसा हवा असतो. आणि पगार वाचतो, हे कुणी बोर्डावर लिहीत नाही इतकंच. अमेरिकेच्या पूर्व आणि मेक्सिको आखाताच्या किनाऱ्यावरचे गोदी कामगार ऑक्टोबर 2024 मध्ये 3 दिवस संपावर गेले, मेनपासून टेक्सासपर्यंत बंदरं बंद पाडली. पगारवाढ मिळाली, पण पुढचे तीन महिने वाटाघाटी अडून राहिल्या त्या याच मुद्द्यावर.

कंटेनर मुळात जन्मला तोच हातांची संख्या कमी करायला. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्यानं 'आयडियल एक्स' या जहाजावर 58 डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले आणि गोणी खांद्यावर वाहणारी गोदी संपायला लागली. भाचा ज्या नोकरीची काळजी करतो, ती नोकरी आधीच्या हजारो हमालांच्या जागेवर उभी आहे. हे त्याला बोललो नाही. पोरगी बघायला जायचं होतं.

रविवार, गाव

मुक्काम ताईकडे. दिवस आळसात गेला, वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर, दुपारी झोप. लिहिण्यासारखं संध्याकाळचं.

भाऊजींनी हरभरा आणि थोडा गहू पेरलाय. विहीर आहे, पाच एचपीची मोटर आहे. गेल्या वर्षीपर्यंत शेतीची लाइन आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री यायची. रात्री दहाला आली की कंदील आणि काठी घेऊन वावरात जायचं, पाणी फिरवायचं, सापाला जपायचं. तिकडे पोरगा न्हावाशेव्याला नाइट शिफ्टला, इकडे बाप नाइट शिफ्टला. या वर्षी फीडर सौरवर आला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या पडीक जागेवर पॅनल बसले आणि लाइन दिवसा येऊ लागली. "ऊन असलं का पानी," भाऊजी म्हणाले. ढगाळ दिवशी मोटर कुंथते, ही तक्रारही त्यांनी लगेच जोडली.

मला यात बंदरवाल्यांपेक्षा जास्त अक्कल दिसते. मोटरीला दिवसाच वीज हवी, पॅनल दिवसाच देतं, हिशेब जुळला. पाणी एकदा जमिनीत गेलं की ते साठवलेलंच असतं, बॅटरी लागत नाही. बंदराचं तसं नाही. जहाज मध्यरात्री लागलं तर मध्यरात्रीच क्रेन फिरणार, रिफरला तर चोवीस तास. सौर वीज विकत घेऊन वर्षाचे युनिट बरोबर जुळवता येतात, पण रात्री दोन वाजता त्या क्रेनमध्ये कोणती वीज वाहते, हा प्रश्न उरतोच. देशाच्या 'हरित सागर' या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत मोठ्या बंदरांच्या विजेतला नवीकरणीय वाटा 2030 पर्यंत 60 टक्के आणि 2047 पर्यंत 90 टक्के करायचा आहे. मधल्या आकड्यांपेक्षा मला त्या रात्रीच्या तासांची उत्सुकता आहे. ते भरून काढायला बॅटऱ्या किंवा पाणी वर चढवून ठेवणारी धरणं लागतील.

भाच्यानं मोटरसायकल काढली आणि म्हणाला, "मामा, ते समजून घ्याचं असंन तर चंद्रपूरले चला."

सोमवार, सिंदी रेल्वे

वाटेत उलटी दिशा धरून सिंदीला डोकावलो. वर्धा आणि बुटीबोरीच्या मध्ये हे स्टेशन. इथं ड्राय पोर्टची पायाभरणी 2017 मध्ये झाली, पुढे त्याचं मल्टिमोडल लॉजिस्टिक्स पार्क, म्हणजे ट्रक आणि रेल्वे दोन्हींचं मालकेंद्र, झालं. गेटवरच्या गार्डनं आत सोडलं नाही. परवानगीचं पत्र नव्हतं, त्याचं बरोबरच होतं.

कल्पना मात्र जुनी आणि सरळ आहे. कस्टमचं काम समुद्रावर कशाला, डबा इथंच तपासा, सील करा, रुळावर चढवा. बंदरात गर्दी कमी, शेतमालाचा वेळ कमी. नागपूरला अजनीत हे पूर्वीपासून चालतं.

स्टेशनवर बसलो तर तासाभरात कंटेनरच्या गाड्या गेल्या. एका गाडीला 45 वाघिणी, म्हणजे 20 फुटी 90 डबे, पुढे विजेचं इंजिन. तोच माल रस्त्यानं न्यायचा तर तेवढे ट्रक समृद्धी महामार्गावर डिझेल जाळत धावतील. पूर्ण स्वयंचलित धक्का बांधून जेवढा धूर वाचेल, त्याहून जास्त डबे रुळावर आणून वाचेल असं माझं मत आहे. पण रुळावर फीत कापायला मजा येत नसावी. पालघरजवळ वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली, खर्च 76,000 कोटींच्या वर, प्रत्येकी 1,000 मीटरची 9 कंटेनर टर्मिनल. तिथं जाणारा विदर्भाचा डबा ट्रकनं जाणार की गाडीनं, हे सिंदीसारख्या जागांवर ठरेल.

स्टेशनबाहेर आलुबोंडा चांगला मिळाला.

मंगळवार, भद्रावती आणि चंद्रपूर

वरोऱ्यापासून पुढे रस्त्याचा रंग बदलतो. कोळशाचे हायवा, ताडपत्री अर्धवट, कडेची झाडं राखाडी. भद्रावतीजवळ भाच्यानं गाडी थांबवली. वावरांवरून एक लाइन पश्चिमेकडे जात होती. मनोरे मोठे, पण तारांचे झुबके दोनच. नेहमीच्या एसी लाइनवर तीन किंवा सहा असतात. ही डीसी.

चंद्रपूर–पडघे एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी) लाइन. 1999 साली सुरू झाली. लांबी 752 किलोमीटर, दाब अधिक-उणे 500 किलोव्होल्ट, क्षमता 1,500 मेगावॅट. चंद्रपूरच्या टोकाला थायरिस्टरच्या (मोठ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या) दालनात एसीची डीसी करतात, भिवंडीच्या बाजूला पडघ्यात परत एसी. एवढ्या लांब अंतरावर असं केल्यानं वाया कमी जाते, आणि किती वीज सोडायची हे हातात राहतं. कारखाने आणि माणसं मुंबईच्या बाजूला, कोळसा आमच्या बाजूला. कोळसा गाडीनं नेण्यापेक्षा तारेनं नेला.

चंद्रपूर महाऔष्णिक केंद्र 2,920 मेगावॅटचं. ऊर्जानगरला शिरलो तेव्हा दुपार होती, आणि तरी सूर्य मळका. एका चहावाल्यानं टेबल पुसलं, आणि आमचा चहा संपेस्तोवर त्यावर पुन्हा बारीक राख बसली. भाच्यानं बोटानं रेघ ओढून दाखवली. केंद्रीय प्रदूषण मंडळानं 2009 मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली, त्यात चंद्रपूर होतं. इथल्या लोकांना ते कळायला यादी लागली नव्हती.

"म्हणजे मामा," भाचा म्हणाला, "माह्या क्रेनचं डिझेल बंद झालं, तो धूर इथं आला?"

हिशेब असा सरळ नाही. ग्रिडमध्ये सगळ्या विजा मिसळतात. चंद्रपूरचा युनिट न्हावाशेव्याच्या त्याच क्रेनला गेला असं म्हणता येत नाही. शिवाय छोटं डिझेल इंजिन त्याच कामाला बरंच इंधन वाया घालवतं, मोठं केंद्र त्यामानानं कमी. आणि डिझेलचा धूर ऑपरेटरच्या नाकाशी होता, तो गेला हे खरंच चांगलं झालं. त्याची मान गेली, फुप्फुसं वाचली. पण राज्याच्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही सर्वांत मोठा आहे. तोवर 'शून्य उत्सर्जन' हा बोर्ड धक्क्यावर लावला की अर्धं वाक्य लिहिल्यासारखं होतं, उरलेलं ऊर्जानगरच्या टेबलावर. बंदरानं आपल्या क्रेनबरोबर ती वीज कुठली, रात्रीची कुठली, हेही छापावं. क्रेनचे युनिट ते मोजतातच, हे मोजायला फार काही लागत नाही.

भाच्याला हे पटलं, पण त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. बसस्टँडवर त्यानं फोन दाखवला. टर्मिनलनं लांबून क्रेन चालवण्याच्या प्रशिक्षणासाठी अर्ज मागवलेत. परीक्षा संगणकावर, जागा थोड्या. एका कन्सोलवर एकापेक्षा जास्त क्रेन येणार हे त्यात लिहिलेलंच होतं. क्रेन स्वतः चालते, माणसानं फक्त ती अडली तिथं हात घालायचा.

"भरू का फॉर्म? एका कन्सोलवर चार क्रेन म्हणजे तीन पोट्टे घरी."

"तू नाही भरलास तर ते तिघं घरी नाही जाणार?"

"तेही आहे."

मी त्याला म्हटलं, भर. मुलाखतीत काही विचारा म्हणाले तर लाजू नकोस. नाइट अलाउन्स केबिनचा होता तो कन्सोलवर राहील का ते विचार. क्रेन अडली आणि डबा पडला तर जबाबदारी कुणाची, ऑपरेटरची की सॉफ्टवेअरची, ते लेखी माग. आणि ज्यांच्या केबिन जातील त्यांना दुरुस्तीच्या कामाचं शिक्षण देणार का, हेही. सेन्सर, कॅमेरे, बसबार, हे सगळं बिघडणारच आहे. खाऱ्या हवेत तर जास्तच. त्याला इलेक्ट्रिशियन लागतील.

त्यानं फोनवर टिपून घेतलं. मग हिंगणघाटची एसटी लागली आणि खिडकीतून ओरडून विचारलं, "मामा, पोरीच्या घरी काय सांगू, क्रेन ऑपरेटर का कंप्युटरवाला?"

"जे पगारपत्रकावर आहे ते सांग," मी म्हटलं. गाडी हलली.